दुकानात चोरी पकडणारे टॅग आणि गेट बसवण्याआधीची तयारी

मालाला टॅग किंवा लेबल लावलेलं असतं. ते न काढता, न बंद करता माल दाराबाहेर नेला की दाराशी उभ्या खांबांचं गेट वाजतं. आधी माल बघा, मग पद्धत ठरवा. कपडे, पुस्तकं, कागदी खोकी असा माल असेल तर ८.२ मेगाहर्ट्झची आरएफ (रेडिओ लहरींची) पद्धत पुरते. तिचं लेबल कागदासारखं पातळ असतं, वर बारकोडही छापता येतो. शाम्पू, क्रीम, फॉइलची पाकिटं जास्त असतील तर ५८ किलोहर्ट्झची एएम (अकॉस्टो-मॅग्नेटिक, म्हणजे चुंबकीय कंपनाची) पद्धत घ्या, कारण द्रव आणि धातूजवळ आरएफ लेबल मंदावतं. गेट, लेबल आणि पैसे भरल्यावर लेबल बंद करणारा काउंटरवरचा पॅड एकाच पद्धतीचे हवेत. आरएफ लेबल एएम गेटला दिसतच नाही.

दाराचं माप घेताना दोन खांबांमधलं अंतर तुम्ही वापरणार त्या सगळ्यात लहान लेबलवर तपासा. मोठा हार्ड टॅग (कुलपाचा, पुन्हा वापरता येणारा) रुंद दारातही पकडला जातो, छोटं लेबल मधोमध निसटतं. खांबांजवळ लोखंडी शटर, एलईडीचे ड्रायव्हर, मोटार किंवा वायरची गुंडाळी नको. यांच्यामुळे गेट एक तर उगाच वाजतं, नाही तर कमी पकडतं. टॅग लावलेल्या मालाचा स्टँडही गेटपासून लांब ठेवा.

टॅग कुठे लावायचा हे प्रत्येक प्रकारच्या मालासाठी एकदाच ठरवून लिहून ठेवा, म्हणजे काउंटरवर शोधाशोध होत नाही आणि काढायचा राहून जात नाही. कपड्यात पिन शिवणीतून घाला, नाही तर कापडाला भोक पडतं. बॅगा आणि बुटांना दोरीचा टॅग. एएम लेबल कधीही दुमडू नका: आतली धातूची पट्टी मोकळेपणी थरथरली तरच गेटला उत्तर मिळतं, कडेवर वाकवून चिकटवलेलं लेबल तिथेच मेलं. हार्ड टॅगचं कुलूप साध्या चुंबकाने उघडणारं घेऊ नका. महाग मालाला जास्त ताकदीचं कुलूप घ्या. टॅग काढायचा डिटॅचर काउंटरला स्क्रूने पक्का करा. तो सुटा पडून राहिला आणि कोणी उचलून नेला, तर सगळ्या टॅगांची किल्लीच गेली.

पॅडवरून वस्तू एकेक फिरवायला शिकवा. घाईत पाच-सहा एकत्र सरकवल्या की एखादं लेबल जिवंत, म्हणजे बंद न होता राहतं आणि पैसे भरलेल्या ग्राहकावर अलार्म वाजतो. हे फार वाईट. असं दोनदा झालं की कर्मचारी अलार्मकडे मान वर करूनही बघत नाहीत, आणि मग गेट असून नसल्यासारखं. अलार्म वाजल्यावर काय बोलायचं तेही ठरवा: ‘बहुतेक टॅग काढायचा राहिला, एक मिनिट बघू का?’ आत येणाऱ्यावर वाजला तर त्याच्या पिशवीत दुसऱ्या दुकानाचं जिवंत लेबल असू शकतं. पेसमेकर असलेल्यांनी गेटमधून नेहमीच्या चालीने जावं, टेकून उभं राहू नये, अशी पाटी दाराशी लावा.

रोज दुकान उघडण्याआधी एक जिवंत लेबल घोटा, कंबर आणि डोकं या तीन उंचींवर, आडवं-उभं धरून गेटच्या मधोमध न्या. दिवसातल्या प्रत्येक अलार्मची वेळ, वस्तू आणि कारण नोंदवा. एकच कारण आठवडाभर येत असेल तर टॅगची जागा किंवा पॅड बदला.