रॉडवर १५०० वॅट लिहिलंय, पण पाणी खरंच किती वॅटवर तापतंय?

गेल्या थंडीत आई रोज फोनवर सांगायची, रॉड गेलाय बहुतेक, बादली तापायला पाऊण तास लागतो, येताना नवीन घेऊन ये. गावी गेलो तेव्हा नवीन रॉड न नेता क्लॅम्प मीटर नेला (वायर न तोडता तिच्याभोवती चिमटा लावून करंट मोजतो तो, प्रोब लावले की व्होल्टेजही दाखवतो), आणि बघितलं तर रॉड चांगला ठणठणीत. त्या आठवड्यात शेतीला पहाटेची लाईट होती, सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू, त्यामुळे घरात व्होल्टेजच येत नव्हतं.

तुम्हाला घरी बघायचं असेल तर दोनच आकडे लागतात, व्होल्टेज आणि करंट. व्होल्टेज मोजताना रॉड चालू पाहिजे हं, कारण लोड पडल्यावर ते खाली येतं आणि आपल्याला तेच हवंय. मीटर एसी व्होल्टवर ठेवायचा आणि त्याच एक्स्टेंशन बोर्डाच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये प्रोब घालायचे. करंटसाठी क्लॅम्प फक्त एकाच वायरभोवती लावायचा, फेज नाहीतर न्यूट्रल. अख्ख्या केबलला लावला तर शून्य दाखवतो, कारण एकीतून जाणारा करंट दुसरीतून परत येतो आणि दोघांचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना मारतं, बरेच जण इथेच फसतात. फेज-न्यूट्रलच्या वायर वेगवेगळ्या धरता येतील अशी एक्स्टेंशन वापरा, इन्सुलेशन सोलायचं नाही, आणि रॉड चालू असताना बादलीत हात अजिबात घालायचा नाही.

दुपारी मला मिळाले २३० व्होल्ट आणि ६.५ अँपिअर. रेझिस्टन्स म्हणजे व्होल्टेज भागिले करंट, २३० ÷ ६.५ = ३५.४ ओहम. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट, २३० × ६.५ = १४९५ वॅट, म्हणजे रॉडवर लिहिलंय तेवढेच.

पहाटे सहाला परत मोजलं, १८४ व्होल्ट, ५.२ अँपिअर. १८४ ÷ ५.२ परत ३५.४ ओहमच, म्हणजे कॉइल तीच आहे, बिघडलेली नाही. पण पॉवर १८४ × ५.२ = ९५७ वॅट! व्होल्टेज वीस टक्के कमी झालं पण पॉवर छत्तीस टक्के गेली, कारण व्होल्टेज उतरलं की करंटही उतरतो आणि गुणाकारात दोन्हीचा फटका बसतो. २० लिटर पाणी २५ डिग्रीने तापवायला दुपारी २३-२४ मिनिटं, पहाटे ३६-३७, आणि उघड्या बादलीतून उष्णता जाते ती वेगळी. बिल मात्र कमी येत नाही, तेवढ्याच पाण्याला युनिट तेवढेच, वेळ जास्त लागल्यामुळे उलट थोडे जास्तच.

रॉड ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला लावू नका, करंट साडेसहा आहे, १६ चंच सॉकेट पाहिजे, आणि एक्स्टेंशनही तेवढ्याच ताकदीची.

हा हिशोब रॉड, इस्त्री, गिझर यांना चालतो. जुन्या पिवळ्या बल्बचा रेझिस्टन्स बंद असताना मोजू नका, १०० वॅटचा बल्ब थंड असताना ४० ओहमच्या आसपास दाखवतो आणि पेटल्यावर तोच ५२९ होतो. पाण्याच्या मोटारीला तर नुसता गुणाकार चालतच नाही, तिथे पॉवर फॅक्टरनेही (ओढलेल्या करंटपैकी खरंच कामाला किती येतो तो एकपेक्षा लहान आकडा) गुणावं लागतं, आणि मोटार कमी व्होल्टेजला उलट जास्त करंट ओढते, म्हणूनच पहाटे १८४ दिसल्यावर मी आधी घरची बोअरची मोटार बंद केली.