ग्राउंड कुकू ओळखताना आधी चोच झाका

बोर्निओचा ग्राउंड कुकू आणि सुमात्राचा ग्राउंड कुकू. दोघेही कोकीळकुळातले, लांब शेपटीचे आणि जंगलात जमिनीवर वावरणारे. फोटो ओळखायला येतात तेव्हा चूक दरवेळी तीच असते: "चोच हिरवी, पाय हिरवे, डोळ्याभोवती रंगीत कातडी, म्हणजे सुमात्राचाच." अहो, हे सगळं दोघांनाही असतं!

एका ओळखीच्या छायाचित्रकाराने असाच एक फोटो "सुमात्राचा" म्हणून मोठ्या आनंदाने पाठवला. काढलेला सबाहमधल्या किनाबातांगन नदीकाठी, म्हणजे बोर्निओत, वेगळ्याच बेटावर! दुर्मीळ हवा होता, म्हणून दुर्मीळ दिसला. मी म्हटलं, "अंगठ्याने चोच झाक आणि खाली बघ." गळ्यापर्यंत काळंभोर डोकं, पोट पांढरट आणि त्यावर बारीक आडव्या रेघा. हा बोर्निओचा. सुमात्राच्या पक्ष्याची फक्त टोपी काळी, गळा मळकट हिरवा आणि पोट तपकिरी. मी अजूनही प्रत्येक फोटो असाच अंगठा ठेवून बघतो.

एवढा आग्रह का? सुमात्राचा पक्षी 1916 नंतर थेट 1997 मध्ये बुकित बारिसान सेलातान राष्ट्रीय उद्यानात पुन्हा सापडला. अतिधोक्यात असलेल्या अशा पक्ष्याची एक चुकीची नोंदसुद्धा फार महाग पडते.

जुन्या पुस्तकावरून ओळखू नका, त्यात दोघांची एकच जात मांडलेली असते. लाल चोचीचा दिसला तर तो तिसराच, थायलंड-व्हिएतनामकडचा. आणि कोकीळ म्हटलं की दुसऱ्याच्या घरट्यात अंडी, असं धरू नका. आपल्या भारद्वाजासारखेच हेही स्वतःचं घरटं बांधतात.

दुसरी चूक मला जास्त लागते, ती म्हणजे मोबाइलवर हाक वाजवणं. किनाबातांगनवरच, पहाटे काठावरून खोल हाक येत होती. सोबतच्या एकाला दहा मिनिटं दम निघेना. त्याने रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा वाजवलं. पक्षी गप्प झाला आणि त्या सकाळी पुन्हा बोललाच नाही. आधीच थोडे उरलेल्या पक्ष्याला खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे धावायला लावायचं, तेही एका फोटोसाठी? मला हे पटत नाही, कधीच पटणार नाही.

मी नावेचं इंजिन बंद करून बसतो. बोर्निओचा पक्षी रानडुकरांच्या मागे फिरतो, त्यांनी उकरलेल्या मातीतले किडे टिपतो. म्हणून कान डुकरांकडे असतात. पाचोळा उकरल्याचा आवाज आला की कळपाच्या मागची मोकळी जमीन दुर्बिणीत धरायची आणि हलायचं नाही.