दोन दिवसांत तीन चोळ मंदिरं: तंजावर-कुंभकोणमची सहल कशी आखावी

दक्षिणेतल्या प्रसिद्ध देवळांची यादी करायला बसलं की मदुराई, रामेश्वरम, श्रीरंगम, चिदंबरम अशी नावं भराभर पुढे येतात. मग शनिवार-रविवारात सात देवळं बसवायचा मोह होतो. माझ्या पहिल्या खेपेला मी तेच केलं. घरी आल्यावर फोटो चाळले, तेव्हा कुठलं गोपुर (देवळाच्या दारावरचा मनोरा) कुठल्या गावचं हे मलाच सांगता येईना. दोन दिवसच असतील तर एकच घराणं आणि एकच नदीकाठ निवडावा. कावेरीच्या खोऱ्यातली चोळ राजांची तीन मंदिरं यासाठी अगदी बेतशीर आहेत: तंजावर, गंगैकोंडचोळपुरम आणि दारासुरम.

आधी घड्याळ, मग नकाशा

तमिळनाडूतली देवळं साधारण पहाटे सहाच्या सुमारास उघडतात, दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात आणि पुन्हा चारला उघडतात. सहल या मधल्या चार तासांभोवती आखायची. दुपारी एकला देवळाच्या दारात पोचलेले हिरमुसलेले पाहुणे तिथे रोज दिसतात, त्यांत आपण नसावं.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो, आपल्याकडची दिवाळीची कोरडी हवा गृहीत धरू नका. एप्रिल-मेमध्ये अंगणातली फरशी इतकी तापते की अनवाणी चालणं म्हणजे शिक्षाच. कुठल्याही ऋतूत एक जोडी जाड मोजे पिशवीत टाका. चपला बाहेर काढाव्या लागतात, मोजे चालतात. कपडे गुडघ्याखाली येणारे, खांदे झाकणारे असावेत.

पोचायचं कसं

चेन्नई किंवा बंगळूरहून शुक्रवारी रात्री गाडीत बसलं की शनिवारी सकाळी तंजावर. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी विमानानं तिरुचिरापल्ली गाठावं, तिथून तंजावर रस्त्यानं साधारण साठ किलोमीटर. शनिवारची रात्र कुंभकोणमला काढा. तंजावरहून ते चाळीसेक किलोमीटर आहे आणि रविवारची दोन्ही देवळं तिथून सोयीची पडतात. शनिवारी रिक्षा आणि बस पुरते, रविवारी मात्र दिवसभराची गाडी ठरवा.

शनिवार सकाळ: पेरिय कोविल

रिक्षावाल्याला ‘बृहदीश्वर’ म्हणण्यापेक्षा ‘पेरिय कोविल’ म्हणा, म्हणजे मोठं देऊळ. पहिल्या राजराज चोळानं बांधलेलं हे मंदिर १०१० मध्ये पूर्ण झालं. गाभाऱ्यावरचं विमान, म्हणजे तिथला मनोरा, सुमारे साठ मीटर उंच आहे आणि सगळं ग्रॅनाइटचं. तो दगड या सपाट, गाळाच्या भातशेतीच्या मुलखातला नाही, लांबून आणलेला आहे.

आत शिरताना दोन गोपुरं लागतात. ती विमानापेक्षा खूप बुटकी आहेत हे मुद्दाम पाहा. पुढच्या काळात हे उलटं झालं. मदुराईला दारावरची गोपुरं आभाळाला भिडतात आणि गाभारा त्यांच्या आड दडतो. इथे अजून सगळी उंची देवाच्या डोक्यावर आहे.

दर्शन झालं की लगेच निघू नका. जोत्याजवळ वाकून भिंती पाहा, खालपासून तमिळ लेख कोरलेले आहेत. राजराजानं स्वतः, त्याच्या बहिणीनं, राण्यांनी आणि इतरांनी काय काय दिलं ते सगळं दगडावर कोरा, अशी त्याची आज्ञाच होती. त्यामुळे ही भिंत म्हणजे देवस्थानाची खतावणी झाली आहे. नंदादीपाच्या तुपासाठी दिलेल्या मेंढ्या (एका दिव्याला ९६), दागिने, आणि बाहेरून आणून वसवलेल्या चारशे नर्तकींची नावं, त्या कुठल्या गल्लीत, कितव्या घरात राहतात त्यासकट. इतका हिशेबी राजा मला आवडतो.

गाइड दोन गोष्टी हमखास सांगेल. विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, ही त्यातली पहिली. ती पडते, सकाळी आठला स्वतः बघा आणि तिच्यातच बसा. दुसरी, शिखरावरचा ऐंशी टनांचा अखंड दगड. हे मान डोलवून ऐकावं, वाद घालू नये. समोरचा प्रचंड नंदी मात्र खरोखरच एका दगडातला आहे, पण राजराजाच्या वेळचा नाही. तो नंतरच्या नायक राजांच्या काळातला.

आता मराठी माणसानं न चुकवण्याची जागा. आवाराच्या नैऋत्येकडच्या भिंतीकडे जा. तिथे भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये तो कोरवून घेतला. शिवाजीमहाराजांचे सावत्रभाऊ व्यंकोजी यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं, तेव्हापासून १८५५ पर्यंत इथे मराठ्यांची गादी होती. तमिळ अक्षरांतून तासभर फिरल्यावर अचानक ओळखीची देवनागरी समोर येते, तेव्हा माणूस नकळत बोटानं ओळ धरून वाचायला लागतो.

दुपार: राजवाडा

देऊळ बंद झालं की केळीच्या पानावर जेवा. सांबार तंजावरच्या मराठी दरबारात संभाजीराजांच्या नावानं जन्मलं, ही कथा इथे ऐकायला मिळेल. पुरावा न मागता वाढून घ्यावं. मग राजवाड्यात चोळकालीन कांस्यमूर्तींचं दालन आणि सरस्वती महाल ग्रंथालयाचं प्रदर्शन पाहा. ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचाही मोठा साठा आहे.

पाचच्या सुमाराला पुन्हा पेरिय कोविलला जा. सकाळचा करडा दगड आता मधासारखा दिसतो आणि गावातली कुटुंबं पोरंबाळं घेऊन अंगणात बसलेली असतात. त्या दिवशी प्रदोष असेल तर नंदीचा अभिषेक मिळेल, पण गर्दीही मिळेल. अंधार पडल्यावर कुंभकोणम गाठा.

रविवार: मुलगा आणि मग वारस

सकाळी सहाला निघा. गंगैकोंडचोळपुरम कुंभकोणमहून पस्तीसेक किलोमीटरवर आहे. राजराजाचा मुलगा राजेंद्र याच्या सैन्यानं गंगेपर्यंत मजल मारली, आणि त्यानं ‘गंगा जिंकणाऱ्या चोळाचं गाव’ अशा नावाची नवी राजधानी वसवली. आज भोवती शेतं आणि लहानसं गाव. विमान तंजावरपेक्षा थोडं कमी उंच आहे. तिथल्या कडा सरळ वर जातात, इथल्या किंचित आत वळतात. आदल्या दिवशी तंजावर पाहिलेलं असेल तरच हा फरक डोळ्यांत भरतो, म्हणून क्रम बदलू नका. उत्तरेकडच्या पायऱ्यांजवळ शिव आपल्या चंडेश या भक्ताच्या डोक्याला फुलांची माळ बांधतो आहे, ते शिल्प शोधा. तिन्ही देवळांतलं एकच शिल्प निवडायला सांगितलं तर मी हेच निवडेन.

दहाला परत फिरा. दुपारी कुंभकोणमजवळच्या स्वामिमलैला ओतकाम करणाऱ्या स्थपतींची कार्यशाळा पाहता येते. मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीकाठच्या मातीचा लेप, मग मेण वितळवून त्या पोकळीत धातू. राजवाड्यात पाहिलेल्या मूर्ती अशाच घडल्या. काही ठिकाणी रविवारी काम बंद असतं, आधी फोन करा.

चार वाजता दारासुरम, कुंभकोणमला लागूनच. दुसऱ्या राजराजाचं हे बाराव्या शतकातलं ऐरावतेश्वर मंदिर उंचीत आधीच्या दोघांशी स्पर्धाच करत नाही. इथे मान वर करायची नाही, खाली घालायची. मंडप रथासारखा, त्याला चाकं आणि घोडे. गाभाऱ्याभोवती पायथ्याशी ६३ नायन्मार, म्हणजे तमिळ शैव संतांच्या कथा वीतभर चौकटींत कोरलेल्या आहेत. बैल आणि हत्ती यांचं एकच डोकं असलेलं शिल्प मुलांना शोधायला लावा, तेवढ्यात तुम्हाला निवांत अर्धा तास मिळतो. सूर काढणाऱ्या पायऱ्यांभोवती आता जाळी आहे, त्यामुळे त्या नुसत्या बघायच्या.

रात्रीची परतीची गाडी कुंभकोणमहूनच धरा, तंजावरला मागे जायची गरज नाही. स्टेशनवर जाण्याआधी पितळी पेला-वाटीतली डिग्री कॉफी, म्हणजे इथली फिल्टर कॉफी, घ्या, आणि साखर कमी हवी असेल तर ती ओतण्याआधीच सांगा.