मुका मार, काळीनिळी मांडी आणि अर्निका : माझा अनुभव

रंकाळ्याजवळ गाडी घसरली. कातडी शाबूत, पण मांडीवर तळहाताएवढा काळानिळा डाग, जिना चढताना कळ. संध्याकाळी गरम शेक दिला, सकाळी तालमीतल्या दोस्ताकडून तेल लावून रगडून घेतलं. सूज आणखी वाढली. जाम वैताग!

मग रगडणं बंद. पंच्यात बर्फ गुंडाळून १५ मिनिटं, दिवसातून चारदा, दोन दिवस; पाय उशीवर. त्यानंतर कोमट शेक आणि अर्निका या औषधी झाडाचं मलम, पातळ थर, न चोळता, दोनदा. खरचटलेल्या जागी ते लावायचं नाही. डाग हिरवा, मग पिवळा होत दहाव्या दिवशी गेला. अर्निकाच्याच ३० पोटेन्सीच्या होमिओपॅथिक साबुदाणा गोळ्याही चघळल्या. पण त्या १०० पटीनं ३० वेळा विरळ केलेल्या, झाडाचा अंश उरतच नाही. श्रेय मी बर्फालाच देतो.