जुळी झाली म्हणून पेढे वाटण्याआधी

गोठा टाकून जेमतेम वर्ष झालेलं, बँकेचा हप्ता मानेवर, आणि माझ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईला जुळी झाली: एक गोऱ्हा, एक कालवड. शिरूरहून पेढे आणून मी सगळ्या आळीत वाटले. एकाच वेतात दोन वासरं, अजून काय पाहिजे!

गोऱ्हा देऊन टाकला, कालवड ठेवली. अंगाने भरली, कातडी चकचकीत. पंधरा महिने झाले तरी माज नाही, म्हणजे भरवायची वेळ आल्याची खूण नाही. मामा म्हणाले, "घाई करू नको, येईल." मामांनी जन्मभर गाई राखल्या, त्यांच्यापुढे मी काय बोलणार? जंताचं औषध दिलं, खनिज मिश्रण सुरू केलं, कुणी सांगितलं म्हणून मोड आलेली मटकी चारली. मुका, म्हणजे वरून न कळणारा माज असेल म्हणून रात्री बॅटरी घेऊन सोट (माजातला चिकट स्राव) दिसतो का बघत बसायचो. दोन इंजेक्शनंही झाली. चोविसाव्या महिन्यात एका डॉक्टरांनी हात घालून मिनिटभर चाचपलं, हात बाहेर काढला आणि विचारलं, "जुळ्यातली आहे का?"

उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये संकरित गाईंचं काम करणारी बाएफ ही संस्था सुरू केली, म्हणजे संकरित गाय आपल्या पुणे जिल्ह्याला काही नवी नाही. तरी दोन वर्षांत हा प्रश्न मला कुणी केला नव्हता.

गाभणपणाच्या दुसऱ्या महिन्याच्या सुमाराला दोन्ही वासरांच्या वारेतल्या (गर्भाला पोसणाऱ्या आवरणातल्या) रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात. गोऱ्ह्याची संप्रेरकं कालवडीच्या रक्तात उतरतात आणि तिचं गर्भाशय, बीजांडं धड वाढत नाहीत. गोऱ्ह्याच्या जोडीने जन्मलेल्या १०० कालवडींतल्या ९० हून जास्त अशा वांझ निघतात. यांना फ्रीमार्टिन म्हणतात. काहींच्या निरणाला (योनीच्या बाहेरच्या भागाला) केसांचा झुपका जास्त असतो. माझ्या हिला तोही नव्हता, म्हणून दिसण्यावर जाऊ नका.

तपासणी पहिल्या महिन्यातच करून घ्या. डॉक्टर गोल टोकाची नळी वंगण लावून योनीत हळूच सरकवतात. चांगल्या कालवडीत ती साधारण १२ ते १५ सेंमी आत जाते, फ्रीमार्टिनमध्ये ५ ते ८ सेंमीवर अडते. पाच मिनिटांचं काम. घरी काडी-बिडी घालून बघू नका, इजा होते. शंका राहिली तर रक्ताची तपासणी आहे. गोऱ्ह्यासोबतची कालवड म्हटली की तपासल्याशिवाय एक दिवसही जास्त चारा घालू नका, मग ती कितीही गोजिरवाणी असो. चाकणच्या बाजारातून कालवड आणणार असाल तर विकणारा "एकटीच झालीय" म्हणेल. म्हणू द्या, तुम्ही तपासा.

घाबरूही नका. दोन्ही कालवडी असतील तर ही भानगड नाही.

आता गाईकडे बघा, कारण सगळे वासरांकडेच बघतात. भरपूर दूध देणाऱ्या गाईत एका माजाला दोन बीजं सुटण्याचं प्रमाण जास्त, म्हणून जुळीही तिथेच जास्त. अशी गाय आठ-दहा दिवस आधीच विते. सोनोग्राफीत जुळी दिसली तर तेवढं आधी आटवायला, म्हणजे दूध काढणं बंद करायला घ्या, नाहीतर विण्याआधीचा भाकड काळ कमी पडतो. वार अडकण्याची शक्यता मोठी. वारेला वीट नाहीतर चप्पल बांधणारे जाणते प्रत्येक गावात आहेत. त्यांना चहा पाजा आणि गोठ्याबाहेर बसवा. ओढून काढलेली वार अर्धी आत तुटते, गर्भाशय सडतं. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना फोन करा, दहा दिवस रोज ताप मोजा, खाणं कमी झालं तर किटोसिस (विल्यावर अंगातली ऊर्जा कमी पडून होणारा आजार) बघायला सांगा. वारेला उघड्या हाताने शिवू नका, ब्रुसेलोसिस हा गाई गाभडवणारा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो.

माझ्या गाईची वार ओढलीच होती. पुढे ती चार वेळा उलटली, म्हणजे भरवूनही गाभण राहिली नाही, पाचव्यांदा फळली.

कालवड अजून दावणीलाच आहे. विकायला गेलो तर माझ्यासारखाच कुणीतरी नवखा तिला घेईल.