थीम पार्कचं तिकीट काढताय? आधी भिंतीला टेकवून पोरांची उंची मोजा

विदर्भातल्या कुटुंबांचा पार्कचा हिशोब कुठे बिघडत असेल, तर तो 'अर्ध्या तिकिटा'त. आपल्या डोक्यात एसटीचा हिशोब पक्का बसलेला असतो : पाच वर्षांच्या आतलं लेकरू फुकट, पाच ते बारा अर्धं, पुढे पूर्ण. रेल्वेतही वय हेच माप. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळी बर्थ नको असेल तर अर्धं भाडं, बर्थ घेतली की पूर्ण. तोच हिशोब धरून लोक पार्कचं ऑनलाइन बुकिंग करतात. 'चाइल्ड'समोर तीन, 'अडल्ट'समोर पाच, धाकट्याला धरायचंच नाही, की झालं!

पार्कच्या गेटवर मुलाचं वय सहसा कोणी विचारत नाही. तिथे खांबावर पट्टी रंगवलेली असते आणि मुलाला तिच्यासमोर उभं करतात. हैदराबादच्या वंडरला पार्कमध्ये ८५ सेंटिमीटरच्या आतलं मूल फुकट, ८५ ते १४० बालतिकीट आणि १४० च्या वर मोठ्या माणसाचं तिकीट. खोपोलीच्या इमॅजिका पार्कातही माप उंचीचंच. प्रत्येक पार्कची पट्टी वेगळी असू शकते, म्हणून आकडा त्या पार्कच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच पाहावा. चुलतभावाने दोन वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा कामाचा नाही.

आता हा आकडा घरातल्या पोरांना लावून पाहा. ८५ सेंटिमीटर म्हणजे साधारण दोन वर्षांचं मूल. तुमचं तीन वर्षांचं लेकरू रेल्वेत फुकट बसेल, पण पार्कात त्याला तिकीट लागेल. १४० म्हणजे साधारण अकरा वर्षांच्या आसपास. सहावीतला उंच मुलगा एसटीत अर्धा असला तरी पार्कात पूर्ण. उलट फायदाही असतो आणि तो बहुतेकांच्या हातून सुटतो. तेरा वर्षांची, आठवीत शिकणारी पण १३८ सेंटिमीटरची मुलगी बालतिकिटात बसते. तिचं पूर्ण तिकीट काढून गेलात, तर 'हिचं जास्त झालं, परत द्या' असं गेटवर म्हणून काही उपयोग होत नाही.

दारव्ह्याकडच्या एका नऊ जणांच्या कुटुंबाचं उदाहरण घ्या. मे महिन्यातला रविवार, हैदराबादचं एक पार्क, बुकिंग कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याने मोबाइलवर पाच मिनिटांत केलेलं. पाच मोठे, तीन मुलं, एक फुकट. रात्री दोनला निघालेली क्रूझर पांढरकवडा-आदिलाबाद करत, चहाला चार ठिकाणी थांबत, दुपारी साडेबाराला गेटवर पोचली. पट्टीपाशी कळलं की तिघांपैकी दोघं १४० च्या वर आहेत आणि 'फुकट' लेकरू ९४ सेंटिमीटरचं. हिशोबापुरतं मोठ्यांचं तिकीट १५०० आणि मुलांचं १२०० धरा. दोघांचा फरक ६०० आणि धाकट्याचे १२०० मिळून १८०० रुपये जागेवर भरावे लागले, तेही ऑनलाइन सवलतीशिवाय. पण खरं नुकसान त्या १८०० चं नव्हतंच. खिडकीवरच्या रांगेत सव्वा तास गेला. आत जाईपर्यंत पावणेदोन झाले आणि संध्याकाळी राइड बंद व्हायला लागल्या तेव्हा मोठ्या झुल्यांपैकी दोनच झाले होते. आजीबाईंना ज्येष्ठ नागरिकाची सवलत मिळाली असती, पण आधार कार्ड घरच्या कपाटात. सोबत १३५ सेंटिमीटरचा एक पोरगा होता, तो दिवसभर रडला. ज्या रोलर कोस्टरसाठी तो आला होता, त्याची किमान उंची १४० होती.

ही शेवटची गोष्ट वेगळी लक्षात घ्या. तिकिटाची उंची आणि राइडची उंची ही दोन वेगळी मापं आहेत. मोठ्या राइडना बहुतेक ठिकाणी १२० किंवा १४० सेंटिमीटरची अट असते, कारण खांद्यावर येणारा लोखंडी पट्टा त्यापेक्षा बुटक्या शरीरावर नीट बसत नाही. ऑपरेटरशी हुज्जत घालून, 'साहेब, दोनच बोटं कमी आहे' म्हणून काही होत नाही आणि होऊही नये. घरातली सगळी मुलं १२० च्या आत असतील, तर पाचशे किलोमीटरवरच्या मोठ्या पार्कचं तिकीट तुमच्यासाठी महागच आहे, कितीही टक्के सूट असो. नागपूरजवळ अमरावती रोडवर बाजारगावचं फन अँड फूड व्हिलेज किंवा गोरेवाड्याची सफारी त्या वयाला पुरते. सफारी सोमवारी बंद असते, तेवढं पाहून निघा.

मोजायचं कसं, तेही सांगून ठेवतो, कारण यातही घाई होते. चपला-बूट काढा, टाचा भिंतीला टेकवा, डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं ठेवा आणि पेन्सिलीने खूण करा. सुताराकडची पोलादी टेप घ्या, शिंप्याची कापडी पट्टी वापरून-वापरून ताणलेली असते. घरी टेप नसेल तर अंगणवाडीत उंची मोजायचं साधन असतं, ताई नाही म्हणत नाहीत. मोजमाप सकाळीच करा. रात्री झोपून उठलं की माणूस संध्याकाळपेक्षा जवळपास एक सेंटिमीटर उंच भरतो आणि गेटवरची पट्टी सकाळीच लागणार असते. दहा-अकरा वर्षांचं मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. १३९ वर असलेल्या पोराचं तिकीट दोन महिने आधी काढलं, तर जाताना ते १४० च्या पट्टीला टेकलेलं असेल. अशा मुलाचं सरळ मोठ्यांचं तिकीट काढा. शंभर-दोनशे रुपये वाचवायला गेटवर उभं राहून भांडण्यात मजा नाही.

वार चुकला की तिकीट महागच

लोक तिकिटाचे दर ताडून पाहतात, वार मात्र पाहत नाहीत. एका तिकिटात किती राइड झाल्या, हा हिशोब कोणी करतच नाही. सुटीच्या रविवारी मोठ्या राइडला पाऊण तासाची रांग धरा. पार्क सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा असेल तर जेवण, बाथरूम, चालणं वजा जाता हातात पाच तास उरतात. म्हणजे सहा मोठ्या राइड. मंगळवारी-बुधवारी तीच रांग दहा-पंधरा मिनिटांची असली, तर तेवढ्याच वेळात पंधरा होतात. १५०० रुपयांचं तिकीट पहिल्या दिवशी राइडमागे २५० ला पडलं, दुसऱ्या दिवशी १०० ला. शिवाय अनेक पार्कांत शनिवार-रविवारचा दर आधीच चढा. ३०० रुपयांच्या कूपनसाठी रात्रभर ग्रुपवर विचारपूस करणारी माणसं शनिवारचंच बुकिंग करतात, हे पाहून हसावं की रडावं कळत नाही.

विदर्भातल्या माणसाकडे यात एक हुकमाचा पत्ता आहे आणि तो फार कमी लोक टाकतात. आपल्याकडे उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. पुण्या-मुंबईच्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, आपल्या जूनच्या शेवटाकडे. तेलंगणातल्या शाळा तर १२ जूनच्या सुमारास उघडतात. म्हणजे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात हैदराबादची मुलं वर्गात आणि आपली अजून सुटीवर. त्या आठवड्यातला सोमवार ते गुरुवार हा आपल्यासाठी वर्षातला सगळ्यात स्वस्त दिवस, तिकिटावर छापलेला दर तोच असला तरी.

शेतीच्या घरात जूनमध्ये पेरणी असते, हेही खरं. मिरग बरसला की तिफण सोडून पार्कात कोण जाणार? अशा घरांसाठी दुसरी खिडकी दिवाळीची. तेलंगणात शाळांना मोठी सुटी दसऱ्याला, बतुकम्मा सणाच्या वेळी असते, दिवाळीला एखाद-दोन दिवसांचीच. आपल्याकडे नेमकं उलटं. भाऊबीज आटोपून, कापसाची पहिली वेचणी झाली असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी हैदराबाद गाठा. तेव्हाच इमॅजिकाला गेलात तर अर्धं पुणं आणि अर्धी मुंबई तुमच्या पुढे रांगेत असेल. आणि इमॅजिका पावसाळ्यात ठरवत असाल तर खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे हे विसरू नका. तिथला पाऊस आपल्या पावसासारखा तासाभरात उघडत नाही. विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या उंच राइड थांबवतात, आणि पावसासाठी पैसे परत मिळतील अशा भरवशावर राहू नये.

गाडीचाही विचार याच हिशोबात करा. चंद्रपूर, बल्लारशा, वर्ध्याकडच्यांना हैदराबाद जवळ पडतं. नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून सेवाग्राम, चंद्रपूर, बल्लारशा करत जाते. अकोला-बुलढाण्याकडच्यांना मुंबईच्या गाडीने कल्याणला उतरून खोपोली लोकल सोयीची. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे, पण रात्रभर गाडी हाकून सकाळी थेट पार्कात जायचा बेत करू नका. झोपाळू पोरं बाराला राइडवर उलट्या करतात, आणि ड्रायव्हर परतीच्या वाटेवर पेंगतो. आदल्या संध्याकाळी पोचा, साध्या लॉजवर मुक्काम करा आणि गेट उघडायच्या अर्धा तास आधी हजर राहा. पहिल्या तासात सगळे जण गेटजवळच्या राइडवर गर्दी करतात, तुम्ही सरळ शेवटच्या टोकाला जाऊन उलटे फिरत या.

शिर्डीला जाणारे बरेच जण तिथलं वॉटर पार्क किंवा साईतीर्थ हे थीम पार्क त्याच दिवशी उरकायला बघतात. दर्शनाची रांग किती वेळ घेईल हे आधी कोणालाच माहीत नसतं, म्हणून तारीख टाकलेलं तिकीट दर्शनाच्या दुसऱ्या दिवसाचं काढा.

रेल्वे कन्फर्म नाही, पार्क मात्र बुक

तारखेचं पार्क-तिकीट बहुतेक वेळा परत घेत नाहीत, फार तर तारीख बदलून देतात. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. आधी ते काढा. वेटिंगचं ई-तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं, त्यावर डब्यात चढता येत नाही. बर्थ हाती आल्यावरच पार्कचे पैसे भरा. आगाऊ बुकिंगची सूट बऱ्याच ठिकाणी दोन-तीन दिवस आधीही मिळते, तेव्हा दोन महिने आधी उतावीळ होण्यात काही कमाई नाही.

फास्ट ट्रॅक आणि कॉम्बो

रांग वाचवणारं तिकीट साध्याच्या दीडपट-दुप्पट पडतं. मधल्या वारी ते घेणं म्हणजे रिकाम्या एसटीत आरक्षण करणं. मेच्या रविवारी जायचंच असेल आणि सगळी मुलं १४० च्या वर असतील, तरच ते वसूल होतं. लहान मुलं आणि आजी-आजोबांसाठी तर अजिबात घेऊ नका, ते ज्या राइडना बसतात तिथे रांग फार नसतेच.

थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवशी हा कॉम्बो कागदावर स्वस्त दिसतो. कपडे बदलणं, लॉकर, अंग पुसणं यातच दीड तास जातो आणि दोन्ही अर्धवट होतात. एकच निवडा. दोन दिवसांचा कॉम्बो असेल तर गोष्ट वेगळी.

बाकी छोट्या, पण खिशाला लागणाऱ्या

दर पाहताना जीएसटी धरलेला आहे का पाहा. पार्कच्या तिकिटावर तो १८ टक्के आहे. नऊ जणांच्या बिलात ही रक्कम सहज दीड-दोन हजारांवर जाते.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली 'निम्म्या दरात तिकीट' लिंक उघडू नका. शोधल्यावर सगळ्यात वर येणारी जाहिरातही पार्कचीच असेल असं नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उद्यावर ढकलू नका.

तिकीट पुण्यात राहणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर आणि जाणारे तुम्ही, हे फार होतं. पीडीएफ आधीच मागवून सेवा केंद्रातून छापून घ्या. गेटवर नेटवर्क नसणं हे काही फक्त आपल्याच गावचं दुखणं नाही.

कॉलेजचं ओळखपत्र आणि ज्येष्ठांचं आधार मूळ स्वरूपातच न्या. दहावी-बारावीच्या हॉल तिकिटावर काही पार्क सूट देतात, ते फेकू नका. दोन सवलती मात्र एकत्र होत नाहीत. बचत गट किंवा भिशीच्या बाया मिळून वीस-पंचवीस जण जमत असतील, तर ऑनलाइन न काढता पार्कच्या कार्यालयात फोन करून ग्रुपचा दर विचारा.

दशम्या, ठेचा, चिवडा आत नेऊ देत नाहीत. पिशवी गेटवर सोडण्यापेक्षा गाडीशेजारी बसून पोटभर खाऊन मगच आत जा. एकदा आत गेल्यावर बाहेर येऊन परत जाता येईल असं गृहीत धरू नका. बाळाचं खाणं आणि औषधं चालतात.

वॉटर पार्कात सुती कपडे चालत नाहीत, ओले होऊन जड होतात आणि त्यांचे धागे फिल्टरमध्ये अडकतात. नायलॉनचे कपडे तालुक्याच्या बाजारातून किंवा नागपूरच्या सीताबर्डीवरून आधीच घ्या. तिथे भाड्याने घेतले तर वर अनामत द्यावी लागते. अनामतीची पावती लॉकरमध्ये ठेवू नका, किल्लीसोबत मोठ्या माणसाच्या गळ्यातल्या प्लास्टिकच्या पाउचमध्ये ठेवा. आणि मनगटावरचा कागदी पट्टा पोरं ओढून तोडतात. तुटला तर तुकडा जपून ठेवा, तो दाखवला नाही तर नवीन तिकिटाचे पैसे मागतात.