म्हाताऱ्या घोडीचा पाय दुखावला तर चंदी कशी बदलावी

आमची चांदणी 22 वर्षांची. माथेरानात दस्तुरीपासून पुढे खाजगी गाडी येत नाही, त्यामुळे माणूस असो की सामान, घोड्यांचा आधार वर्षानुवर्षं लागत आलाय. चांदणीने तो भार आयुष्यभर ओढला. गेल्या सप्टेंबरात ओल्या जांभ्या दगडावर तिचा पुढचा डावा पाय सरकला आणि गुडघ्याखालची मागची शीर (स्नायू हाडाला जोडणारा दोर, कंडरा) सुजली. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, शिरेचे तंतू तुटलेत, वय पाहता बरं व्हायला आठ-नऊ महिने धरून चाला.

दुसऱ्याच दिवसापासून सल्ले सुरू झाले. कोणी गूळ-तूप सांगे, कोणी अंडी. पण ताकदीच्या पावडरीचा डबा विकत आणण्याआधी एक काम करा. लीद पाण्यात कालवून जुन्या चाळणीत धुवा. मी धुतली तेव्हा चाळणीत बोटभर लांब गवताच्या काड्या आणि सातआठ अख्खे हरभरे राहिले. घमेल्याशेजारी अर्धवट चावलेल्या गवताच्या ओल्या गुंडाळ्याही पडलेल्या असत, त्या मी इतके दिवस नुसत्या झाडून टाकत होते. दाढा झिजून त्यांना धारदार टोकं आली होती. डॉक्टरांकडून दाढा घासून घेतल्या. चावताच येत नसेल तर महागातली पावडरही तशीच लिदीतून जाते.

मग वजन काढा, कारण पुढचा प्रत्येक डोस त्यावर ठरतो. काटा नसला तरी शिंप्याची टेप चालते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याला त्याच आकड्याने गुणा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि 11,880 ने भागा. चांदणीचा घेर 160, लांबी 150, म्हणजे वजन साधारण 323 किलो. दर पंधरा दिवसांनी हेच मोजा.

आता चंदी, म्हणजे रोजचा दाणा. कामावर असताना तिला हरभरा आणि बार्ली मिळून तीन किलो मिळायचे. तबेल्यात उभ्या घोडीला तेवढी चंदी दिली तर खुरात दाह होऊ शकतो, आणि जखमी पायाबरोबर बाकीचे तीनही जातात. मी दहा दिवसांत ती एक किलोवर आणली, तीही भिजवून. गूळ पूर्ण बंद. म्हाताऱ्या घोड्यांचं साखरेचं गणित बऱ्याचदा बिघडलेलं असतं. रोज सकाळी चारही खुरांवर तळहात ठेवून पाहायची सवय लावा. खूर गरम लागला, किंवा घोडी पुढचे पाय पुढे ताणून मागच्या पायांवर भार घेत असेल, तर त्याच तासाला डॉक्टरांना फोन करा.

पोट मात्र गवतानेच भरायचं. सुक्या गवताच्या हिशोबाने वजनाच्या निदान दीड टक्का, म्हणजे चांदणीला पाच किलो. त्यातला दीड किलो मी वाळलेला लसूणघास (ल्युसर्न) ठेवला, कारण त्यात प्रथिनंही आहेत आणि कॅल्शियमही. कुट्टी बारीक करून, तासभर भिजवून, दिवसातून पाच वेळा थोडी थोडी. घोड्याचं पोट लहान, आणि त्याला ओकता येत नाही.

शीर आणि पाठीचं मांस भरायला प्रथिनं लागतात, त्यातही लायसिन हा त्यांचा घटक. हरभऱ्यापेक्षा सोयापेंड इथे उजवी. रोज 50 ग्रॅमपासून सुरू करून मी 300 ग्रॅमपर्यंत नेली. कच्चं सोयाबीन देऊ नका, ते पचत नाही. जवस 60 ग्रॅम, ज्या दिवशी द्यायचं त्याच दिवशी दळून. ताज्या हिरव्या चाऱ्याशिवाय उभ्या घोडीला ई जीवनसत्त्व कमी पडतं, म्हणून डॉक्टरांनी रोज 600 युनिट सांगितलं. मीठ 20 ग्रॅम आणि तांबं-जस्त असलेलं घोड्यांचं खनिज मिश्रण. सेलेनियम हे खनिज दोन डब्यांतून दुप्पट जात नाही ना, ते लेबलावर बघा. ते जास्त झालं तर विष आहे.

सांध्यांसाठी ग्लुकोसामाइनची पावडर सगळेच सुचवतात. तोंडातून दिलेल्या पावडरीचे पुरावे कच्चे आहेत. मी दोन महिने दिली, चालीत फरक दिसला नाही, ते पैसे लसूणघासाकडे वळवले.

दोन गोष्टी कळकळीने सांगते. गव्हाचा कोंडा म्हाताऱ्या घोड्याला मऊ म्हणून घमेलंभर देतात. त्यात कॅल्शियमच्या जवळपास दहापट फॉस्फरस असतो. रोज दिला तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. आणि गाई-कोंबड्यांचं तयार खाद्य घोड्यासमोर कधीच ठेवू नका. त्यात मोनेन्सिन (जनावरांच्या खाद्यात घालतात ते औषध) असू शकतं, आणि गाईला चालणारी त्याची मात्रा घोड्याचं हृदय बंद पाडते. खाली नेरळहून पोती मागवताना मी प्रत्येक वेळी शिवलेलं लेबल वाचून घेते.

एका वेळी एकच पदार्थ बदला, आठ-दहा दिवस थांबा, वहीत लिहा. वेदनेचं औषध चालू असेल तर प्रत्येक नवी पावडर डॉक्टरांना दाखवा, कारण त्या औषधाचा म्हाताऱ्या पोटावर आणि मूत्रपिंडावर आधीच भार असतो. थंडीत पाणी कोमट करा. चांदणी डिसेंबरात गार पाण्याला नुसतं तोंड लावून मागे व्हायची, कोमट केल्यावर बादली संपवू लागली.

चौथ्या महिन्यात पाठीच्या कण्याकडेचे खळगे भरू लागले. सहाव्यात दुसरी सोनोग्राफी झाली, तंतू जुळत होते, आणि हाताने धरून दहा मिनिटं चालवायची परवानगी मिळाली. आता जून आहे. पाठीवर खोगीर पुन्हा चढणार नाही, हे घरात ठरलंय. सकाळी ती झाडाखालच्या मऊ मातीत अर्धा तास फिरते, परत येऊन घमेल्यात नाक घालते, आणि काल धुतलेल्या चाळणीत एकही अख्खा हरभरा नव्हता.